कवीला मतं कोण देतं?

गिरणाकाठचा मास्तर:

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी-आठवीला मराठी शिकवतो. गेल्या आठवड्यात ना. धों. महानोरांची कविता शिकवायला घेतली. आधी कवीची ओळख करून दिली. नामदेव धोंडो महानोर, जन्म १६ सप्टेंबर १९४२, गाव पळसखेडे, तालुका सोयगाव, तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा. शेतकरी. 'रानातल्या कविता', 'वही', 'पानझड'. १९९१ ला पद्मश्री, २००० साली साहित्य अकादमी पुरस्कार. विधान परिषदेचे सदस्य.

या शेवटच्या वाक्यावर मागच्या बाकावरून हात वर आला. त्या पोराचे वडील सरपंचपदाला दोनदा उभे राहिले आणि दोन्ही वेळा पडले. त्यामुळे निवडणूक या विषयात त्याचा अभ्यास माझ्यापेक्षा दांडगा. म्हणाला, "सर, कवीला मतं कोण देतं?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि "छान प्रश्न आहे, उद्या सांगतो" म्हणून सुटका करून घेतली. मास्तरांचं हे जुनं ब्रह्मास्त्र आहे. पण पोरगं दुसऱ्या दिवशी दारातच उभं. "सर, उद्या झालं."

शिक्षकांच्या खोलीत विचारलं तर एक सहकारी म्हणाले, पवारांशी मैत्री होती म्हणून गेले, यात काय सांगायचं? दुसऱ्या बाईंचं म्हणणं, कवी एकदा राजकारणात गेला की त्याची कविता आटते, मग उरतात ती भाषणं. मला दोन्ही उत्तरं वर्गात न्यायची नाहीत. पहिलं अर्धवट वाटतं आणि दुसरं नुसतं ऐकायला बरं. महानोरांच्या आमदारकीबद्दल, त्यांनी तिथे काय केलं याबद्दल, आणि एकूणच कवी राजकारणात जातो तेव्हा त्याचं काय होतं याबद्दल कोणी नीट सांगेल का? आठवीच्या पोराला समजेल असं सांगा. निबंध नको.


फुकट सल्ला केंद्र:

अटलजींना विसरलात की काय? लोकांची मतं घेऊन पंतप्रधान झालेले कवी. आणि संसदेत यमकं जुळवण्याचा विषय निघाला तर आठवलेसाहेबांना वगळून चर्चा करणं हा सभागृहाचा अवमान आहे. बाकी चालू द्या.


कलम एकशे एक्काहत्तर:

मास्तर, पोराच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं: कोणीही नाही.

आपल्या विधान परिषदेत ७८ जागा. त्यातल्या ३० आमदार निवडून देतात, २२ नगरपालिका-जिल्हा परिषदांसारख्या स्थानिक संस्थांतले सदस्य, ७ पदवीधर आणि ७ शिक्षक. (तुम्ही प्राथमिकला असाल तर त्या शेवटच्या सातांतही तुम्हाला मत नाही. पोराला हे सांगू नका, किंमत कमी होईल.) उरल्या १२. त्या राज्यपाल नेमतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांतलं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेली माणसं, असं घटनेत लिहिलंय. मुदत सहा वर्षं. राज्यपाल नेमतात म्हणजे यादी मंत्रिमंडळ पाठवतं. त्यामुळे तुमचे सहकारी अगदीच चूक नाहीत. १९७८ साली पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचं सरकार आलं, शरद पवार मुख्यमंत्री झाले आणि महानोर त्याच वर्षी परिषदेवर गेले. स्नेह होताच, तो कोणी लपवलेलाही नाही. 'शरद पवार आणि मी' या नावाचं पुस्तकच महानोरांच्या नावावर आहे. पण स्नेह असलेली माणसं मुख्यमंत्र्याकडे रग्गड असतात, पस्तिशीतला कोरडवाहू शेतकरी कवी त्या यादीत घालावासा वाटणं ही वेगळी गोष्ट.

याच दारातून त्यांच्या आधी ग. दि. माडगूळकर गेले होते, १९६२ ते ७४, म्हणजे दोन पूर्ण मुदती. उलट आचार्य अत्रे, म्हणजे विडंबनकवितेतले केशवकुमार, रीतसर मतं मागून विधानसभेत गेले. त्याआधी ते पुण्याच्या नगरपालिकेत होते. तिथल्या रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली ती त्यांच्या पुढाकाराने. भाजी आणताना रोज तोंडात येणारं नाव बदलणं हे मला अर्ध्याहून जास्त कवीचंच काम वाटतं.

आणि आजची गंमत. २०२० साली पाठवलेली या १२ जणांची यादी राज्यपालांकडे पडून राहिली, कोर्टकज्जे झाले, सरकार बदललं, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात त्यातल्या ७ जागा भरल्या. त्या सातांत कवी एकही नाही. दार आहे, वर पाटी 'साहित्य' अशीच आहे, आत वेगळंच दुकान.


निवृत्त कृषी सहायक:

सर, नमस्कार. मी जामनेर तालुक्यात कृषी सहायक होतो, २०१८ ला निवृत्त झालो. पळसखेडे माझ्या सज्ज्यात नव्हतं, जिल्हाही वेगळा, पण हद्द इतकी चिकटून की तिकडची गुरं इकडच्या पाण्यावर यायची. शेंदुर्णी आमच्या तालुक्यातली. महानोर तिथल्या शाळेत शिकले, पुढे जळगावच्या कॉलेजात एक वर्ष काढलं आणि शिक्षण सोडून परत शेतात आले. एवढ्या जवळ असून मी त्यांना कधी भेटलो नाही. त्यामुळे 'आमचे दादा मला म्हणाले' छापाची आठवण माझ्याकडे नाही. जे आहे ते फायलीतलं आणि वावरातलं.

आधी कबुली देतो. मी त्यांना कवी म्हणून नंतर ओळखायला लागलो. 'जैत रे जैत' १९७७ चा, आमच्याकडे तो टुरिंग टॉकीजमधून बराच उशिरा पोचला. त्यातली गाणी तोंडपाठ होती, पण ती कोणी लिहिली हे बघायची अक्कल नव्हती. गाणी मंगेशकरांची, एवढंच माहीत. महानोर म्हणजे 'ते पाण्यावर बोलणारे आमदार'. मुलगी शाळेत गेली, तिच्या पुस्तकात त्यांची कविता आली, ती पाठ करायला बसली तेव्हा मी विचारलं, हे तेच का गं? ती म्हणाली, कुठले तेच? पुस्तकात आमदारकीबद्दल काही नव्हतं आणि माझ्या डोक्यात कवितेबद्दल काही नव्हतं. वाचनालयातून 'रानातल्या कविता' आणली. एवढीशी वही. १९६७ ची, म्हणजे माणूस पंचविशीतला. मी ती खात्यातल्या माणसाच्या नजरेने वाचली, चुका काढायला. पाऊस, पेरणी, ज्वारीची कणसं, पाखरं... कवी लोक बऱ्याचदा आषाढात गहू डोलवतात. इथे हंगाम कुठे चुकलेला नव्हता.

आता तुमच्या बाईंचं 'कविता आटते'. विहीर आटली की नाही हे आमच्याकडे दोर सोडून बघतात, तसंच बघू. १९७८ ते ८४ ही त्यांची पहिली मुदत. 'पावसाळी कविता' १९८२. 'पळसखेडची गाणी' १९८२. 'अजिंठा' ही दीर्घकविता १९८४. लेण्यांची चित्रं काढणारा इंग्रज अधिकारी गिल साहेब आणि तिथली पारो यांची ती कथा, पारोची कबर आजही अजिंठा गावात आहे, पोरांची सहल नेलीत तर लेण्यांबरोबर तीही दाखवा. म्हणजे परिषदेत बसल्या बसल्या सहा वर्षांत तीन पुस्तकं. पुढे पुन्हा एकदा ते परिषदेवर गेले, त्यानंतरची 'पानझड' १९९७ ची आणि तिलाच अकादमी मिळाली. पाणी होतं, सर. बाईंना सांगा.

मग परिषदेत काय केलं? पाणी, जमीन, फळझाडं, रोजगार हमी यावर बोलले. रोहयो ही आपल्याकडे ७२ च्या दुष्काळाची लेक. ७७ ला कायदा झाला. पण हमीवर काम म्हणजे काय, तर खडी फोडा नाही तर रस्ता करा. पहिल्या पावसात रस्ता वाहून जायचा आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा तोच रस्ता तेच मजूर. त्याच मजुरीतून शेतकऱ्याच्या बांधावर झाडं का उभी करू नयेत, हा विचार रेटणारी जी माणसं होती त्यात महानोर होते. १९९० मध्ये रोहयोशी जोडलेली फळबाग योजना आली, तेव्हा पवारच मुख्यमंत्री होते. माझ्या भागात लोक सरळ म्हणायचे, "पळसखेड्याच्या आमदाराची स्कीम." तसं नसतं. योजना मंत्र्याची असते, सचिवाची असते, आमच्या खात्यातल्या टेबलाटेबलाची असते. पण लोक कोणाचं नाव लावतात यातही काहीतरी कळतं.

९१ च्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो, पोरांना आवडेल. आंब्याची लागवड, दहा बाय दहा मीटरवर, हेक्टरी शंभर खड्डे. प्रत्येक खड्डा मीटर लांब, मीटर रुंद, मीटर खोल. माझ्याकडे मीटरची बांबूची काठी होती, वर लाल रंगाचा पट्टा. काठी खड्ड्यात उभी करायची, पट्टा जमिनीच्या वर दिसला की खड्डा नापास. एक म्हातारे शेतकरी होते, अडीच एकरवाले. दीड हातावर त्यांना मुरूम लागला. पहारीने ठोकून ठोकून हाताला फोड आलेले. मी काठी घातली तर पट्टा चार बोटं वर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, माझ्याच वावरात मीच खणायचं आणि रोज सरकार देणार? यात गोम काय आहे ते आधी सांगा, मग चार बोटं काढतो."

मी अर्धा तास समजावलं. मस्टर दाखवलं, त्यांचं, बायकोचं आणि थोरल्या मुलाचं नाव दाखवलं. विश्वास बसला नाही. शेवटी म्हणाले, "तो कवी आमदार बोलला म्हणतात त्याच्यावर. कवी आहे म्हणजे येडा असंल, पण लबाड नसंल." आणि चार बोटं काढली. सर, तुमच्या पोराला उत्तर हवं असेल तर हे घ्या. मत असं पडलं. मतपेटीत नाही, मुरमात.

(पुढचंही सांगतो, नाहीतर गोष्ट फार गोड होईल. कलमांची मागणी वर पाठवायला मी स्वतः उशीर केला. रोपवाटिकेतली गाडी आली ती ऑगस्टच्या उघडिपीत. शंभरातली एकेचाळीस जगली. म्हातारबांनी मला शिव्या दिल्या नाहीत, दुसऱ्या वर्षी नांग्या भरायला, म्हणजे मेलेल्या कलमांच्या जागी नवी लावायला गेलो तेव्हा पाणी दिलं. त्या एकेचाळीसातली वीस-बावीस झाडं अजून उभी आहेत. नातू विकतो आंबे.)

दोन ठिकाणी माझं कवींशी जमत नाही, तेही लिहितो. त्यांच्या एका पुस्तकाचं नाव आहे 'कापूस खोडवा'. कवीने कपाशीवर पुस्तक लिहावं याचा अभिमान वाटला, पण नाव वाचूनच अंगावर काटा आला. खोडवा म्हणजे आपली फरदड. वेचणी संपली तरी पऱ्हाट्या उपटायच्या नाहीत, पाणी देऊन पुन्हा बोंडं घ्यायची. जुन्या काळी चालून गेलं. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने जो धुमाकूळ घातला त्यानंतर 'फरदड घेऊ नका' हे सांगत गावोगाव हिंडण्यात माझ्या नोकरीचे शेवटचे महिने गेले. कोणी ऐकलं नाही तो भाग वेगळा.

दुसरं जास्त गंभीर आहे. नेमलेल्या आमदाराला मत मागायचं नसतं, म्हणजे त्याच्या दारात नळाच्या आणि डीपीच्या तक्रारी घेऊन कोणी बसत नाही. तो पावसाबद्दल, मातीबद्दल मोकळेपणी बोलू शकतो. पण मत मागायचं नसतं म्हणूनच त्याचं बोलणं कोणी मनावर घेतलं नाही तरी सरकारला धक्का लागत नाही. ऐकतात, बाकं वाजवतात, कार्यवाहीत छापून येतं. महानोर सगळं आयुष्य शेती आणि पाण्याबद्दल बोलले आणि त्यांनाच एका पुस्तकाला 'शेती, आत्मनाश व संजीवन' असं नाव द्यावं लागलं. आमच्या खात्यातल्या माणसांना शेतकऱ्याने जीव दिला की पंचनाम्याला जावं लागायचं. मी गेलोय. त्या फॉर्मवर दोनच शब्द असतात, पात्र आणि अपात्र. सातबारा नावावर असेल, कर्ज थकलेलं असेल तर पात्र. जमीन बापाच्या नावावर आणि जीव पोराने दिला, की गाडी अडली. घरातली बाई दारात बसलेली असते आणि आपण विचारतो, कर्जाचा कागद आहे का? तेव्हा मला ते पुस्तकाचं नाव आठवायचं. त्यांनी त्याच गोष्टीला आत्मनाश म्हटलं होतं आणि लगेच पुढे संजीवन लिहिलं होतं. आमच्या फॉर्मवर दुसऱ्या शब्दाला रकाना नव्हता.

फार लिहिलं. ते गेले ३ ऑगस्ट २०२३ ला, पुण्यात. आमच्याकडे तेव्हा कपाशी गुडघ्याएवढी होती आणि पावसाने ओढ दिली होती.


पिटातला प्रेक्षक:

काकांच्या पोस्टला एक शेपूट. 'एक होता विदूषक' पाहिलाय का? १९९२, जब्बार पटेल, लेखन पु.लं.चं. तमाशातला सोंगाड्या हळूहळू राजकारणात ओढला जातो आणि हसवायचं विसरतो. त्यातली गाणी महानोरांची. म्हणजे कलावंत सत्तेत जाऊन कसा हरवतो या चित्रपटाची गाणी लिहायला सभागृहात बसून आलेला कवी. पिटात बसून तेव्हा हे डोक्यात आलं नव्हतं, आज काकांचं वाचताना आलं.


वरळी बीडीडी:

सगळं छान चाललंय, पण तुम्ही सगळे आमदारकी म्हणजेच राजकारण धरून बसलाय. एक कवी असाही होता ज्याने लोकांना सांगितलं, मत देऊच नका. आणि उमेदवार पडला.

नामदेव ढसाळ. जन्म १९४९, खेड तालुक्यातलं पूर-कनेरसर. लहानपणीच मुंबईत आले. टॅक्सी चालवली. 'गोलपिठा' आलं १९७२ ला आणि त्याच वर्षी राजा ढाले, ज. वि. पवार यांच्याबरोबर दलित पँथर ही दलित तरुणांची संघटना. आधी कवी मग पुढारी असा क्रम इथे लागतच नाही, दोन्ही एका वर्षाची भावंडं.

जानेवारी १९७४ मध्ये मुंबईत लोकसभेची पोटनिवडणूक होती. पँथरने बहिष्कार पुकारला. वरळीच्या बीडीडी चाळीत सभा झाली, दगडफेक झाली आणि दंगल पेटली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. सभा मी पाहिली नाही, पण अश्रुधूर अजून नाकात आहे. आईने चादर बादलीत बुडवून खिडकीला लावली होती आणि आम्हा तिघा भावंडांना मोरीत बसवलं होतं, कारण मोरीला बाहेरची भिंत नव्हती. चादर वाळली की पुन्हा भिजवायची. चाळीतलं पाणी सकाळचं एक तास, त्यामुळे आई आधी पिण्याच्या हंड्याकडे बघायची आणि मग चादरीकडे. त्या दिवसांत भागवत जाधव हा पँथरचा कार्यकर्ता मोर्चात डोक्यात पाटा घालून मारला गेला. निवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट रोझा देशपांडे निवडून आल्या. तर मास्तर, तुमच्या पोराला हेही सांगा. कवीला मतं मिळत नसतील, पण कवी मतं थांबवू शकतो.

पुढचं मात्र गोड नाही. त्याच साली संघटना फुटली. ढसाळांनी आणीबाणीला पाठिंबा दिला, इंदिरा गांधींवर कविता लिहिली. नंतर ज्या पक्षाशी रस्त्यावर भांडले त्याच शिवसेनेच्या जवळ गेले, 'सामना'त सदर लिहिलं. आमच्या चाळीत यावरून घरंच्या घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली. माझ्या वडिलांनी भिंतीवरचा फोटो उतरवला. कवितेचं पुस्तक मात्र ट्रंकेत ठेवलं, रद्दीत दिलं नाही. मी विचारलं, असं का? म्हणाले, फोटो त्याचा आहे, पुस्तक आपलं आहे.

आणि राजकारणाची किंमत घरात कोणी मोजली ते वाचायचं असेल तर मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' वाचा. आठवीच्या पोरांनी नाही, तुम्ही. ढसाळांची बायको, बाई स्वतः कवयित्री, शाहीर अमर शेखांची मुलगी. सभेनंतर कार्यकर्त्यांसाठी चहा कोण टाकतं आणि पैसे संपले की कोणाच्या अंगावरचं काय जातं, हे कुठल्याच कवी-परिचयात येत नाही.

१९९९ ला ढसाळांनाही पद्मश्री मिळाली. २०१४ च्या जानेवारीत गेले. पाठ्यपुस्तकातल्या चार ओळींत महानोर मावतात, हे मावत नाहीत, एवढाच मला दोघांत फरक दिसतो. आता आमची चाळही पाडली, टॉवर झालेत. नव्या घरात पाणी चोवीस तास आहे.


गिरणाकाठचा मास्तर:

सगळ्यांचे आभार. काल तास घेतला. ७८ जागांचं गणित फळ्यावर मांडलं, पोरांनी बेरीज तपासली, बरोबर निघाली. मग काकांचा खड्डा सांगितला. मीटर म्हणजे किती, हे दाखवायला वर्गातली फूटपट्टी पुरेना, शेवटी एका मुलीला तीन फरशांवर उभं करून खुणा केल्या. "कवी आहे म्हणजे येडा असंल" या वाक्यावर वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातून निरोप आला. वरळीच्या ताईंची ओली चादर सांगितली तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. एकीने विचारलं, मग त्या दिवशी पिण्याच्या हंड्यातलं पाणी वापरलं का? ताई, मला उत्तर देता आलं नाही.

शिक्षकांच्या खोलीत बाईंना तीन पुस्तकांची सालं ऐकवली. त्या म्हणाल्या, "आटली नाही म्हणताय, पण चव बदलली का ते कोण बघणार?" आता मला तिन्ही पुस्तकं पुन्हा वाचणं आलं.

आणि ज्याने प्रश्न विचारला होता तो शेवटपर्यंत गप्प होता. घंटा झाल्यावर टेबलाशी आला. "सर, म्हणजे कवी असलं तर मतं मागायची नाहीत, बॅनर नाही, जेवणावळ नाही, आणि तरी आमदार?" मी म्हटलं, तसंच. त्याने जरा हिशोब केला. "मग पप्पांना कविता लिहायला लावतो."


वरळी बीडीडी:

वापरलं. अर्धा हंडा. उरलेल्यात रात्री भात झाला, डाळ झाली नाही. त्या मुलीला सांगा.


निवृत्त कृषी सहायक:

लावू द्या की. पण आधी दहा खड्डे खणायला सांगा, मीटर बाय मीटर. मृगाच्या आत झाले पाहिजेत. काठी माझ्याकडे अजून आहे, कळवलंत तर घेऊन येतो. कलमांची मागणी या खेपेला वेळेवर करू.